गेमचा संगणक घेताना

(मंडळाच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या कार्यवाहांनी मला फोन केला तेव्हा नुसतं म्हणाले, "यंदा तुम्ही गेमिंगवर बोला." ते ऐकून आमच्या शेजारचे काका गंभीर झाले. म्हणाले, "अरे, तू सरकारी नोकर. असल्या विषयावर कशाला बोलतोस?" त्यांचंही बरोबर आहे. आपल्या गोव्यात गेमिंग म्हटलं की डोळ्यांसमोर मांडवीतली कॅसिनोची जहाजं येतात. त्यात मागल्या वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. त्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. साध्या खेळांवर किंवा स्पर्धेच्या ई-स्पोर्ट्सवर नाही. आपण आज बोलणार आहोत ते मुलं घरी बसून खेळतात त्या गेमबद्दल, आणि त्याहून जास्त, मुलांना स्वतः गेम बनवायचे असतील तर घरात संगणक कसा असावा याबद्दल. सभागृहातल्या पालकांपैकी निम्म्यांच्या घरी हा वाद चालू आहे हे मला माहीत आहे, कारण आमच्याही घरी वर्षभर चालू होता.

मी काही संगणकातला तज्ज्ञ नाही. माझा डिप्लोमा इलेक्ट्रिकलचा. पणजीला पॉलिटेक्निकमध्ये होतो तेव्हा आमच्या लॅबमध्ये पंख्याचा घों-घों आवाज करणारे पांढरे डबे होते आणि प्रॅक्टिकल लवकर संपलं की सर बाहेर जाताच आम्ही 'प्रिन्स ऑफ पर्शिया' लावायचो. त्या राजपुत्राच्या उड्या इतक्या खऱ्या का वाटायच्या ते मला पंचवीस वर्षांनी मुलाने सांगितलं. जॉर्डन मेकनर नावाच्या तरुणाने १९८९ साली तो गेम काढला, जवळजवळ एकट्याने. आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. ज्या ॲपल टू संगणकावर हे केलं त्याची मेमरी आजच्या मोबाईलमधल्या एका फोटोलाही पुरणार नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जेव्हा मुलगा दीड लाखाची यादी हातात देतो तेव्हा पालकाला हे ठाऊक असलेलं बरं.

तर आमच्या चिरंजीवाने बारावी झाल्यावर अशीच यादी दिली. काचेची भिंत असलेलं कॅबिनेट, आत रंगीबेरंगी दिवे, पाण्याने थंड होणारा प्रोसेसर, मोठं ग्राफिक्स कार्ड. बेरीज दीड लाखाच्या वर. सौभाग्यवती म्हणाल्या, "ह्या डब्याक इतके पैशे? आणि माटोळीक लायतात तशे ते दिवे कित्याक?" मी विचारलं, "तुला खेळायचंय की शिकायचंय?" तो म्हणाला, "पप्पा, दोन्ही." खरं उत्तर होतं. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मी म्हटलं, सत्तर हजार देतो, त्यात बसव; आणि एकेक वस्तू का हवी ते मला पटवून दे.

सुरुवात मी केली, आणि सगळ्यात शेवटी लिहिलेल्या वस्तूपासून केली. यादीत तळाला 'एसएमपीएस' असा एक शब्द होता, ब्रँड नाही, किंमत जेमतेम. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन आतल्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देणारी पेटी. तिच्याशी आमचं जुनं वैर आहे. काही वर्षांपूर्वी घरी एक संगणक होता, असेंबल केलेला. विकणाऱ्याने कॅबिनेटसोबत फुकट येणारी हलकी एसएमपीएस बसवून दिली होती आणि मीही, इलेक्ट्रिकलचा माणूस असून, उघडून बघितली नाही. जूनमधल्या एका संध्याकाळी वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि परत आली तेव्हा फट्ट आवाज झाला. एसएमपीएस गेली ती एकटी गेली नाही. मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेली. त्या डिस्कवर माझ्या वडिलांच्या हयातीतल्या शेवटच्या चवथीचे फोटो होते. ते घुमट घेऊन आरतीला उभे होते, तो फोटो. दुसरी प्रत नव्हती. दुरुस्तीवाल्यांकडे डिस्क घेऊन दोनदा जाऊन आलो. काही मिळालं नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे. माटोळी बांधताना आपण आधी फळं बघत नाही, लाकडाची चौकट आणि दोरी बघतो. नारळाचे घोस नंतर. संगणकाची चौकट म्हणजे एसएमपीएस. हिशेब सोपा आहे. ६५ वॅटचा म्हणून विकला जाणारा प्रोसेसर जोरात चालताना ८८ वॅटपर्यंत खातो. मध्यम ग्राफिक्स कार्ड दीडशे वॅटच्या आसपास. पंखे, डिस्क, बोर्ड मिळून आणखी पन्नास-साठ धरा. म्हणजे तीनशे. यावर चांगल्या कंपनीची, '८० प्लस ब्रॉन्झ' शिक्का असलेली ५५० वॅटची एसएमपीएस भरपूर झाली. पाचशे वॅट असं मोठ्या अक्षरात छापलेली निनावी पेटी घेऊ नका. तिच्या बाजूचं लेबल वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती ॲम्पिअर आहेत ते बघा आणि बाराने गुणा. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही तिथूनच खातात. तो आकडा पाचशेच्या जवळही जात नसेल तर परत ठेवा. वॉरंटी पाच वर्षांची तरी असावी.

आता अर्थिंग. इथे थोडा रेंगाळतो, कारण हे संगणकाच्या दुकानात कोणी सांगत नाही. तुमच्यापैकी किती जणांना संगणकाच्या पत्र्याला हात लावल्यावर बारीक मुंग्या येतात? (बरेच हात वर झाले.) एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळण्यासाठी कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले. अर्थिंग ठीक असेल तर ती किरकोळ गळती जमिनीत जाते. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर अर्ध्या व्होल्टेजइतका, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टचा दाब तरंगत राहतो. प्रवाह इतका थोडा की माणूस मरत नाही, पण ती सूचना आहे. आपल्याकडे जमीन जांभ्याची. पावसात ठीक, पण एप्रिल-मेमध्ये जांभा कोरडा ठणठणीत होतो आणि कोळसा-मीठ घालून केलेला खड्डाही काम सोडतो. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीनच्या वर असेल तर खड्ड्याकडे बघा, उन्हाळ्यात त्यात पाणी घाला. आमच्याकडे मोजलं तेव्हा चौदा आलं. घर माझं, डिप्लोमा माझा! हशा पिकला तरी चालेल.

यूपीएसबद्दल एवढंच की साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसमधून प्रत्यक्षात साडेतीनशे वॅटच्या आसपासच मिळतात, आणि चांगल्या एसएमपीएसना काही स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर मानवत नाही; वीज गेली की यूपीएस असूनही संगणक बंद पडतो. परवडलं तर शुद्ध साइन वेव्हचा घ्या. नाही परवडला तर ढग गडगडायला लागले की प्लग काढा, तो उपाय फुकट आहे. आणि इंटरनेटच्या डब्याचाही प्लग काढा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण त्या डब्याच्या अडॅप्टरमधून येते आणि लॅन केबलने थेट मदरबोर्डपर्यंत पोहोचते.

बरं. एवढं झाल्यावर मुलाने मला त्याची बाजू समजावली, आणि इथे मी शिकलो.

गेम खेळणं आणि गेम बनवणं यात संगणकाला पडणारा ताण वेगळा असतो. खेळताना संगणकाने सेकंदाला ६० चित्रं दाखवायची, म्हणजे एका चित्राला साधारण साडेसोळा मिलिसेकंद. तेवढ्यात उडी, टक्कर, सावली, आवाज, सगळं. त्यातलं बहुतेक ओझं ग्राफिक्स कार्ड उचलतं. बनवताना मात्र एका वेळी गेम इंजिन उघडं असतं, चित्रांचं सॉफ्टवेअर उघडं असतं, कोड लिहायचं उघडं असतं, शिकवणीचा व्हिडिओ चालू असतो, आणि मधूनच 'बिल्ड' लावलं की प्रोसेसरचे सगळे कोअर कामाला जुंपले जातात. म्हणजे बनवणाऱ्याला रॅम आणि प्रोसेसर आधी लागतो, कार्ड मागून आलं तरी चालतं. मुलगा यादी कार्डापासून करतो ती खेळणारा म्हणून करतो.

आणि कोणतं इंजिन वापरणार यावर सगळं ठरतं. अनरियल इंजिन घ्यायचं तर त्यांचीच शिफारस ३२ जीबी रॅम आणि ८ जीबी मेमरीच्या ग्राफिक्स कार्डाची आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' नावाचा गेम काढला तो अनरियलवरच. आपल्या पुराणांतले देव-असुर, राजस्थानी वाड्यांसारखी वास्तुरचना. जगभर खेळला गेला. त्यांनी लोकवर्गणीची मोहीम काढली होती ती आधी फसली होती, तरी नेटाने पूर्ण केला. पण ते अनुभवी माणसांच्या चमूचं काम. बारावी झालेल्या पोराला गोडो नावाचं इंजिन पुष्कळ आहे. पूर्णपणे मोफत, उतरवून घ्यायला दोनशे एमबीच्या आत, आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. त्रिमितीय आकृत्यांसाठी ब्लेंडर, तेही मोफत. अमेरिकेत एरिक बॅरोन नावाच्या माणसाने चार-साडेचार वर्षं एकट्याने बसून 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम केला, २०१६ मध्ये काढला. त्याला अजूनही साधा संगणक पुरतो.

यावर आमचा तह झाला. कार्ड आता घ्यायचं नाही. पहिला गेम पुरा झाल्यावर घ्यायचं. मग प्रोसेसर असा हवा की ज्याच्या पोटातच थोडंफार ग्राफिक्स आहे. हे फार बारकाईने बघा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' अक्षर असतं त्यात ग्राफिक्स नसतं. कार्ड लावलं नाही किंवा कार्ड बिघडलं तर पडदा काळा. दोन हजार वाचतात म्हणून दुकानदार तोच सुचवतो. एएमडीच्या रायझन ५६०० मध्येही ते नाही, ५६००जी मध्ये आहे. आम्ही घेतला रायझन ५ ७६००: सहा कोअर, बारा थ्रेड, पोटात जुजबी ग्राफिक्स. तो एएम५ नावाच्या सॉकेटवर बसतो आणि त्या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देऊ असं कंपनीने जाहीर केलेलं आहे. म्हणजे तीन-चार वर्षांनी बोर्ड तोच ठेवून नुसता प्रोसेसर बदलता येईल. पाण्याचा कूलर छाटला. प्रोसेसरच्या खोक्यातच पंखा येतो. दिवे छाटले. काच छाटली, समोर जाळी असलेलं साधं कॅबिनेट घेतलं.

मग मी रॅम छाटली.

तो म्हणाला, "पप्पा, दिवे कापलात चालेल, रॅम कापू नका. ३२ आत्ताच घेऊया." मी म्हटलं, १६ जीबीची एक पट्टी आता घे, दुसरी दिवाळीच्या बोनसमध्ये घेऊ. सरकारी माणसाची ही सवय. दोन हप्त्यांत केलं की खर्च कमी वाटतो. गेल्या वर्षीचा दसरा, आयुधपूजेचा मुहूर्त. दिवाळी आली तोवर रॅमचे भाव चढायला लागले होते. मी म्हटलं, उतरतील. जानेवारीत तीच पट्टी, तोच मेक, दुपटीहून जास्त किमतीला! कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर जी प्रचंड डेटा सेंटरं उभी राहतायत ती मेमरीच्या चिप ओढून घेतायत आणि मेमरी बनवणाऱ्या मोजक्या कंपन्या तिकडेच माल वळवतायत. मायक्रॉनने तर आपला घरगुती ग्राहकांचा 'क्रूशियल' हा ब्रँडच गुंडाळायचं डिसेंबरमध्ये जाहीर केलं. अमेरिकेतल्या डेटा सेंटरची झळ तेरेखोलच्या एका घरात लागली, आणि चूक माझी होती. ते मी मुलासमोर कबूल केलं. त्यात आणखी एक तांत्रिक गोष्ट: दोन पट्ट्या जोडीने असल्या की मेमरीचे दोन रस्ते उघडतात, एकीला एकच रस्ता. पोटातल्या ग्राफिक्सवर चालणाऱ्या संगणकाला तो फरक चांगलाच जाणवतो. १६ घ्यायची असेल तरी ८-८ च्या दोन घ्या. पुढे वाढवायला बोर्डावर चार खाचा आहेत का ते बघून.

डिस्कबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एनव्हीएमई एसएसडी, एक टीबी. आजकाल एकेक गेम शंभर जीबीच्या पुढे जातो, पाचशेची डिस्क दोन महिन्यांत भरते. सातहजारी वेगाची घ्यायची गरज नाही, साडेतीनहजारी पुरते. गेम उघडताना तुम्हाला फरक कळणारही नाही. मात्र दुसरी एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि दर रविवारी प्रत काढा. आमच्याकडे ती देवघराच्या फडताळात ठेवलेली असते, संगणकाला लावून ठेवलेली नसते. का, ते मघाशी सांगितलं.

मॉनिटर चोवीस इंची, १०८०पी, आयपीएस. फोर-के च्या मोहात पडू नका. तिथे ठिपके चौपट, म्हणजे कार्डाला काम चौपट. विंडोज १० ची साथ गेल्या १४ ऑक्टोबरला संपली, तेव्हा कोणी जुनं स्वस्तात घालून देतो म्हणाला तर नको म्हणा.

आता आपल्या गावाचा प्रश्न. तेरेखोलला तीन बाजूंनी पाणी आणि खारा वारा. पुण्या-मुंबईच्या लोकांनी केलेल्या व्हिडिओत हा विषय येत नाही. खिडकीसमोर, समुद्राच्या बाजूला संगणक ठेवला की वर्षभरात स्क्रू गंजतात, रॅमच्या पट्टीच्या सोनेरी दातांवर थर बसतो आणि मग एके सकाळी संगणक नुसता बीप-बीप करतो, पडदा काळा. घाबरून मदरबोर्ड बदलू नका. प्लग काढा, पट्टी काढा, शाळेच्या खोडरबराने ते दात हलके पुसा, परत बसवा. दहातले सात वेळा सुरू होतो, हा माझा अनुभव. पावसाळ्यात संगणक रोज तासभर तरी चालू ठेवा, आतल्या उबेने दमटपणा बसत नाही. रेडीच्या बाजूने येणारी तांबडी धूळ ज्यांच्याकडे बसते त्यांनी जाळीमागचा फिल्टर पंधरा दिवसांनी धुवावा. मागच्या मोकळ्या खाचांना पत्र्याच्या पट्ट्या लावून घ्या. पाल आत गेली तर ती एसएमपीएसच्या उबेला जाऊन बसते आणि पुढचं सांगत नाही. गणपतीचं वाहन आपल्या टेबलावर आहेच, खरं वाहन मात्र केबल कुरतडतं.

भाग ऑनलाइन मागवावेत की दुकानातून घ्यावेत? आमचा पिनकोड गोव्याचा आणि गाडीने यायचा रस्ता महाराष्ट्रातून, त्यामुळे कुरिअरवाला केरीच्या धक्क्यावरून फोन करतो, "या बाजूला येऊन घेऊन जा." आम्ही प्रोसेसर आणि एसएसडी ऑनलाइन घेतली. बोर्ड, एसएमपीएस आणि मॉनिटर म्हापशातून, कारण ज्या वस्तू बिघडण्याची शक्यता जास्त त्या जिथे उभं राहून भांडता येतं तिथून घ्याव्यात. पक्कं बिल घ्या. खोकं उघडताना मोबाईलवर व्हिडिओ काढा. सगळं घेऊन फेरीतून येताना मुलगा मॉनिटर मांडीवर घेऊन बसला होता, फेरीवाल्याने विचारलं, "टीव्ही घेतलो?"

आणि त्या फेरीतूनच त्याला गेम सुचला. फेरीबोटीत दुचाक्या आणि चारचाक्या अशा लावायच्या की बोट कलणार नाही; भरती-ओहोटी बदलली की रॅम्पचा उतार बदलतो; मधूनच एखादा रुग्ण येतो, त्याच्या गाडीला वाट करून द्यायची. गोडोमध्ये केला. पाच महिने लागले. दोनदा सोडून दिला होता. एकदा रात्री दोन वाजता उठून बघतो तर हा बसलेला. ओरडायला गेलो तर पडद्यावर खेळ नव्हता, वहीत बोटीच्या कलण्याचं गणित होतं: वजन गुणिले अंतर. बारावीला हाच धडा याने ऑप्शनला टाकला होता. मी खुर्ची ओढून बसलो. मोमेंट मला येत होता.

शिमग्याच्या आधी गेम पुरा झाला, इंटरनेटवर मोफत ठेवलाय. ज्यांना हवा त्यांनी कार्यक्रमानंतर त्याच्याकडून पत्ता घ्यावा, तो मागच्या रांगेत, खांबाच्या आड बसलाय.

तहाप्रमाणे आता कार्ड द्यायची पाळी माझी. त्यावर घरात नवा वाद सुरू आहे. एनव्हीडियाचं ५०६० ब्लेंडरमध्ये चित्र तयार करायला चपळ, पण त्याची मेमरी ८ जीबी. एएमडीचं ९०६० एक्सटी १६ जीबीत मिळतं, पुढे अनरियल शिकायचं तर ते उपयोगी, पण ब्लेंडरमध्ये मागे. तो म्हणतो १६. मागल्या खेपेला मेमरीच्या बाबतीत कोण बरोबर होतं ते तुम्ही ऐकलंतच, म्हणून मी गप्प आहे. वापरलेलं कार्ड घ्यावं का असं एक पालक मघाशी विचारत होते. घ्यायचं तर समोर अर्धा तास जड गेम चालवून, पंख्याचा आवाज ऐकून, बिल असेल तरच. आणि समुद्राकाठच्या माणसाकडून घेत असाल तर आधी त्याचे स्क्रू बघा.